एनी पोर्ट इन अ स्टॉर्म: कधी म्हणावं, कुणासमोर टाळावं

कोकणात रोज इंग्रजीशी गाठ पडणारी माणसं आता थोडीथोडकी नाहीत. दापोली-गुहागरकडचे होमस्टेवाले, तारकर्लीचे स्कुबावाले, रिसॉर्टच्या काउंटरवर उभी असणारी मुलंमुली, गोव्यात हॉटेलात लागलेले, मर्चंट नेव्हीचा कोर्स उरकून पहिल्या जहाजाची वाट बघणारे. कामापुरतं इंग्रजी यातल्या बहुतेकांना येतं. अडतं ते म्हणींपाशी. पाहुणा अर्धा तास साधंसोपं बोलतो आणि मध्येच खांदे उडवून म्हणतो, "ओ वेल, एनी पोर्ट इन अ स्टॉर्म!" शब्द सगळे ओळखीचे असतात. तरी हसायचं की मनाला लावून घ्यायचं, ते कळत नाही.

हा लेख त्या एका म्हणीसाठी आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या 'शंभर इंग्रजी म्हणी अर्थासहित' छाप याद्यांवर माझा जुना राग आहे. त्यांत या म्हणीपुढे एक ओळ असते: संकटात मिळेल तो आसरा घ्यावा. चूक काही नाही त्यात. पण ही म्हण कोण म्हणतं, कुणाबद्दल म्हणतं आणि त्या वेळी समोर कोण बसलेलं असतं, यावर तिचा सगळा खेळ आहे, आणि यादीत नेमकं तेच नसतं. त्या एका ओळीवर विसंबून म्हण वापरायला गेलात, तर ज्याचे आभार मानायचे त्याचाच पाणउतारा करून बसाल.

पायरी पहिली: म्हणीतलं बंदर नीट बघून घ्या

ज्यांनी समुद्र फक्त सुट्टीत पाहिलाय त्यांना ही म्हण समजावताना आधी वादळ समजवावं लागतं. आपलं ते काम वाचलं. देवगड, मिरकरवाडा, हर्णै, वेंगुर्ला, कुठल्याही बंदराजवळ वाढलेल्या माणसाला 'बावटा लागला' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हवामान खात्याचा इशारा आला की बंदरावर दिवसा शंकू आणि नळकांड्यांच्या आकाराच्या खुणा चढतात, रात्री लाल-पांढरे दिवे. क्रमांक १ ते ११. एक नंबर म्हणजे लांब समुद्रात काहीतरी शिजतंय. तीन नंबर म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. ८ ते १० हे महाधोक्याचे. ११ नंबर म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला, आता तुमचं तुम्ही बघा. तीन नंबरचा बावटा लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेली बातमी असते: गुजरात, कर्नाटकातील नौका देवगड बंदरात आश्रयाला.

आता एरवीच्या दिवशी तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, बंदर कसं निवडतो ते आठवा. बर्फ कुठे वेळेवर मिळतो, डिझेलची सोय कुठे आहे, माशाला भाव कुठे बरा लागतो, कुठल्या व्यापाऱ्याशी जुना व्यवहार आहे, जेटीवर जागा मिळेल का. निवडीला ही एवढी कारणं असतात. वारा फिरला आणि समुद्र खवळला की यातलं एकही कारण उरत नाही. दोनच गोष्टी बघायच्या: जवळचं कोण आणि आत शिरल्यावर वारा अडवणारं कोण. हर्णैचंच घ्या. मासळीच्या लिलावासाठी एवढं नावाजलेलं बंदर, पण उघड्यावरचं. वादळाची चाहूल लागली की तिथल्याच नौका आपलं बंदर सोडून आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर दाभोळ, जयगडकडे नांगर टाकायला जातात. म्हणजे संकटात घरचं बंदरसुद्धा बाजूला पडतं.

डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळाच्या वेळी केरळ-तामिळनाडूच्या साठाहून अधिक नौका नऊशेहून जास्त मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला, देवगडला लागल्या. एरवी त्यांचं या बंदरात काही काम नव्हतं. भाषा वेगळी, ओळख नाही, माल विकायचा तर माणूस नाही. तरी त्या क्षणी देवगड हे त्यांच्यासाठी जगातलं सगळ्यात चांगलं बंदर होतं.

म्हणीतला 'एनी' हा शब्द हेच सांगतो. 'कुठलंही' म्हणजे मला आवडलेलं, मी निवडलेलं नव्हे. जे समोर आलं ते. या शब्दात सुटकेचा नि:श्वास आहे आणि त्याच शब्दात 'एरवी मी इथे आलो नसतो' हेही आहे. या दोन्ही गोष्टी एकदम कानावर पडल्या पाहिजेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

जाता जाता एक. ही म्हण छापील इंग्रजीत अठराव्या शतकाच्या मध्यापासून सापडते. त्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर काय चाललं होतं? विजयदुर्गाला इंग्रज घेरिया म्हणत, आणि ते आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी ते घेतलं. तोवर ईस्ट इंडिया कंपनीच्या एखाद्या कप्तानाने कितीही वादळ असलं तरी विजयदुर्गाजवळच्या वाघोटणच्या खाडीत शिरण्याआधी दहादा विचार केला असणार. आसरा म्हणून उत्तम जागा, पण त्याच्या 'एनी'त न बसणारी. म्हणी बोलायला सोप्या असतात.

पायरी दुसरी: घडण पाठ करा, पण तोंडाने

या म्हणीत क्रियापद नाही, त्यामुळे काळ बदलायची भानगड नाही. काल घडलेलं असो वा उद्या घडणारं, म्हण तशीच राहते. बहुतेक वेळा ती वाक्याच्या शेवटी 'बट' लावून येते:

"द ओन्ली रूम लेफ्ट वॉज अबव्ह अ गॅरेज, बट एनी पोर्ट इन अ स्टॉर्म." एकच खोली शिल्लक होती, तीही गॅरेजच्या माडीवर, पण वेळच तशी होती.

"आय डोन्ट युझवली ड्रिंक इन्स्टंट कॉफी, बट एनी पोर्ट इन अ स्टॉर्म." एरवी मी ही पावडरीची कॉफी पीत नाही, पण आज चालेल.

गोष्ट सांगायच्या ओघात आणायची असेल तर "इट वॉज अ केस ऑफ एनी पोर्ट इन अ स्टॉर्म" असंही म्हणतात.

आपल्याकडून हमखास गळतं ते मधलं 'अ'. मराठीत तसं काही नसल्यामुळे आपण सरळ 'इन स्टॉर्म' म्हणून मोकळे होतो. तेवढं सांभाळा. 'एनी'च्या जागी 'एव्हरी' घालू नका. 'पोर्ट'च्या जागी 'हार्बर'ही चालत नाही. मराठीत दोन्हींना आपण बंदरच म्हणतो. इंग्रजीत हार्बर म्हणजे लाटांपासून आडोसा असलेलं पाणी आणि पोर्ट म्हणजे मालाची, माणसांची चढउतार होते ते ठिकाण. तर्काने बघितलं तर वादळात हार्बर हवं, पण म्हण तर्काने चालत नाही. रूढ झालं ते पोर्ट.

उच्चारताना शब्द सुटे तोडू नका. जोर 'पोर्ट' आणि 'स्टॉर्म' या दोनच शब्दांवर, मधले 'इन अ' त्यांच्यात विरघळतात: एनी पोर्टिनअस्टॉर्म, असं काहीसं ऐकू येतं. ब्रिटिश माणूस बोलला तर दोन्ही शब्दांतला 'र' जवळजवळ नाहीसा होतो आणि स्वर सारखाच लांबतो, पॉऽट, स्टॉऽम. म्हणजे कानाला ती थोडी यमकासारखी लागते, आणि लक्षातही त्यामुळेच राहते.

कधी समोरचा अर्धीच म्हणतो: "वेल, एनी पोर्ट, यू नो..." आणि थांबतो. उरलेलं आपण समजायचं. आपण 'अडला हरी' एवढंच म्हणून गप्प बसतो, तसंच हे.

मर्चंट नेव्हीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. जहाजावर पोर्ट म्हणजे डावी बाजू हा अर्थ तुमच्या कानात पक्का बसलेला असेल. तिला आधी लारबोर्ड म्हणत. ते स्टारबोर्डसारखंच ऐकू येई आणि घोटाळे होत, म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश आरमाराने पोर्ट हा शब्द हुकूम काढून पक्का केला. म्हणीतल्या पोर्टचा त्या डाव्या बाजूशी संबंध नाही. आणि रेडिओवर बोलताना ही काय, कुठलीच म्हण वापरू नका. जहाजांमधल्या संभाषणासाठी ठरवून दिलेली प्रमाण वाक्यं असतात, आणि म्हणीने गैरसमज होऊ नये हाच त्यांचा हेतू आहे. म्हण मेसमध्ये, चहा घेताना.

पायरी तिसरी: आपल्या म्हणींपैकी नेमकी कुठली?

मराठीत चटकन आठवते ती 'अडला हरी गाढवाचे पाय धरी'. अनेक याद्यांत हीच शेजारी छापलेली असते. मला ती जुळत नाही. तिथे शहाण्याला मूर्खापुढे वाकावं लागतं, मान खाली जाते. इंग्रजी म्हणीतला माणूस कुणाच्या पाया पडत नाही. तो ओला झालाय, दमलाय, पण अपमानित झालेला नाही.

'बुडत्याला काडीचा आधार' तर त्याहून लांब. काडीने कुणी वाचत नाही. त्या म्हणीत केविलवाणेपणा आहे, आणि इंग्रजीत त्यासाठी 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज' ही वेगळी म्हण आहे. 'एनी पोर्ट'मधलं बंदर खरोखर वाचवतं. गैरसोय असेल, पण जीव बचावतो. 'दगडापेक्षा वीट मऊ' मध्ये दोन वाईटांतून एक निवडायला तरी मिळतं. इथे तेवढीही सवड नाही.

सगळ्यात जवळची म्हण म्हणजे 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा'. भूक लागली की कोंडाही गोड लागतो, झोप आली की दगडही उशाला चालतो. गरज खरी असेल तर माणूस चोखंदळपणा करत नाही, हे ती सांगते, आणि बोलणारा स्वतःबद्दल हलकेच बोलत असतो. शिवाय या दोन म्हणींत दुखवायची जागाही एकच आहे. कुणाच्या पंगतीला बसून, भाकरीचा तुकडा मोडता मोडता 'भुकेला कोंडा' म्हणून बघा. वाढणारीचा हात जागीच थांबेल. तुम्ही स्वतःच्या भुकेबद्दल बोललात, पण तिच्या भाकरीला कोंडा म्हणालात.

पायरी चौथी: बंदर समोर बसलंय का ते बघा

समजा, जुलैतली रात्र आहे. महामार्गावर पाणी आलंय आणि गोव्याला निघालेलं एक परदेशी जोडपं कुडाळच्या आसपास अडकलंय. हॉटेलं भरलेली. कुणीतरी त्यांना आत गावातल्या एका घराचा पत्ता देतं. वीज गेलेली आहे. घरातल्या काकी छत्री घेऊन गाडीपर्यंत येतात, पुढच्या पडवीत त्यांना बसवतात, कोरडे टॉवेल देतात. मासेमारी बंद असल्यामुळे ताजा मासा नाही; मग कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. पाहुणा पोटभर जेवतो, खूश होतो, पाय पसरतो आणि बायकोकडे बघून म्हणतो, "वेल, एनी पोर्ट इन अ स्टॉर्म!"

काकी मुलाला विचारतात, "काय म्हणालो रे तो?"

मुलगा कॉलेजात शिकलेला. त्याला म्हण कळलीय. तो ताटं उचलत म्हणतो, "जेवाण आवाडला म्हणता."

पाहुण्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला म्हणायचं होतं, आमचं नशीब की आम्ही इथे पोचलो. पण मुलाला ऐकू आलं ते हे, की दुसरं काही मिळालं असतं तर आम्ही इथे आलो नसतो. दोन्ही अर्थ म्हणीत आहेतच. कुठला वर येईल ते कोण ऐकतंय त्यावर ठरतं.

म्हणून नवख्याने एक गोष्ट घट्ट धरावी: ज्याने आसरा दिला तो माणूस, ते घर, ती कंपनी समोर असताना ही म्हण तोंडातून काढायची नाही. पुढे घरी पोचल्यावर मित्रांना गोष्ट सांगताना बेलाशक म्हणा. स्वतःच्याच बंदराबद्दल म्हणायलाही हरकत नाही, यजमान स्वतः हसत "इट्स नॉट मच, बट एनी पोर्ट इन अ स्टॉर्म!" म्हणाला तर त्यात विनय दिसतो. पाहुण्याने तेच वाक्य म्हटलं की त्याची चव बदलते.

मुलाखतीत तर ही म्हण म्हणजे पायावर धोंडा. "व्हाय डिड यू अप्लाय टू अस?" या प्रश्नाला गंमत म्हणून जरी "एनी पोर्ट इन अ स्टॉर्म" असं उत्तर दिलंत, तरी ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच: इतर सगळीकडून नकार आला म्हणून आलोय. पगाराची बोलणी त्यानंतर फारशी पुढे सरकत नाहीत. लग्नाच्या बोलण्यात काय होईल ते मी लिहीत नाही. अर्जात, ऑफिसच्या ईमेलमध्ये, तक्रारीला दिलेल्या उत्तरात ही म्हण नको. ती बोलण्यातली आहे, लिहिलीच तर मित्राला पाठवलेल्या मेसेजमध्ये.

पायरी पाचवी: वादळ केवढं आहे ते मोजा

इथे थोडं उलटं आहे. म्हण जन्मली खऱ्या वादळातून, पण आता खऱ्या वादळाबद्दल ती वापरायची नसते. तिच्यात खांदे उडवण्याचा हलकेपणा आलाय. ट्रेन चुकली, बुकिंग फिसकटलं, छत्री विसरली, जेवायला उशीर झाला, असल्या संकटांसाठी ती आहे.

११ नोव्हेंबर २००९ चं फयान, ३ जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते. या वादळांत कोकणातल्या माणसांनी नौका गमावल्या, घरांवरची छपरं आणि उभ्या बागा गमावल्या, काही घरांतली माणसं परत आली नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणकर शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसले. एखादा परदेशी पत्रकार किंवा पाहुणा त्याबद्दल विचारू लागला तर तिथे 'एनी पोर्ट इन अ स्टॉर्म' म्हणू नका. शब्दशः अगदी चपखल बसेल, आणि म्हणूनच कानाला वाईट लागेल. "वी टूक शेल्टर इन अ नेबर्स हाऊस," एवढं साधं वाक्य पुरतं.

उलट फारच क्षुल्लक गोष्टीलाही ती शोभत नाही. दोन चांगल्या हॉटेलांतलं एक निवडलं तर वादळ कुठलं आणि आसरा कसला? थोडी तरी अडचण हवी, दुसरा पर्याय नको, आणि जे मिळालं ते एरवी तुम्ही घेतलं नसतं असं हवं. यातलं एक जरी नसेल तर म्हण बाजूला ठेवा.

पायरी सहावी: 'एनी' काढून बघा

हे मला या म्हणीतलं सगळ्यात उपयोगाचं वाटतं आणि याद्यांत ते क्वचितच असतं. पहिला शब्द काढला की अपमानही निघून जातो. 'अ पोर्ट इन अ स्टॉर्म' किंवा 'माय पोर्ट इन द स्टॉर्म' हा शुद्ध गौरव आहे. मग 'कुठलंही' नाही. हे एक, हेच बंदर.

"यू हॅव बीन अ रिअल पोर्ट इन अ स्टॉर्म." तुम्ही वेळेला धावून आलात.

"माय सिस्टर वॉज माय पोर्ट इन द स्टॉर्म." त्या दिवसांत मला बहिणीचाच आधार होता.

म्हणजे कुडाळच्या त्या पाहुण्याला काकींचे आभार मानायचेच होते तर वाक्य तयार होतं. फक्त 'एनी'ऐवजी 'अ' हवा होता. आणि लक्षात घ्या, हे रूप खऱ्या दुःखाच्या प्रसंगीही चालतं, आजारपणात, घरात कुणी गेलं तेव्हा. हलकेपणा होता तो 'एनी'चा.

शेजारच्या दोन म्हणी याच वेळी ओळखून ठेवा, कारण ऐन वेळी जीभ तिकडे घसरते. 'बेगर्स कान्ट बी चूजर्स' म्हणजे मागणाऱ्याने आवडनिवड सांगू नये. अर्थ जवळचा, पण बोचरी आहे. स्वतःबद्दल म्हटली तर विनोद, दुसऱ्याला म्हटली तर त्याला भिकारी म्हटल्यासारखं. काउंटरवर उभं राहून पाहुण्याला कधीही म्हणू नका, तो कितीही कटकट्या असला तरी. दुसरी 'अ स्टॉर्म इन अ टीकप', म्हणजे राईचा पर्वत. अमेरिकन माणूस त्याला 'अ टेम्पेस्ट इन अ टीपॉट' म्हणेल. वादळ तिथेही आहे, पण ते खोटं.

पायरी सातवी: पाहुण्याने तुम्हालाच ऐकवली तर

ऐकवणार. पावसाळ्यात तर नक्कीच. अशा वेळी चेहरा पाडू नका. दहातल्या नऊ वेळा माणूस स्वतःच्या फजितीवर हसत असतो. म्हण पकडून परत फेकली की तुमचं इंग्रजीही दिसतं आणि त्याला आपण काय बोललो तेही हळूच कळतं:

"आय होप वी आर वन ऑफ द बेटर पोर्ट्स!"

किंवा: "स्टे टुमॉरो टू. द पोर्ट इज नायसर इन सनशाइन."

दुसरं वाक्य मला जास्त आवडतं, कारण त्यात पुढच्या रात्रीचं बुकिंगही होऊन जातं.

कधी ती कोटी म्हणून येते, तेव्हा गोंधळू नका. पोर्ट वाइनची बाटली उघडताना हा विनोद ठरलेला आहे, आणि गोव्याच्या हद्दीवर काम करणाऱ्यांना तो कंटाळा येईपर्यंत ऐकावा लागेल. मोबाइलचा चार्जर मिळत नाही म्हणून कुणी लॅपटॉपच्या कडेचं भोक शोधत असेल तर तिथेही पोर्ट आहेच. दोन्ही वेळा नुसतं हसावं. समजावून सांगितलेल्या कोटीवर कुणीच हसत नाही.

थोडा सराव

वाचून झालं की मोठ्याने करायचा. आधी स्वतः उत्तर ठरवा.

मांडवी एक्सप्रेस रत्नागिरीला दोन तास थांबली. भूक लागली होती, फलाटावर फक्त बिस्किटं उरली होती. बिस्किटं तुम्हाला आवडत नाहीत, तरी अख्खा पुडा संपवलात. मित्राला सांगताना म्हण चालेल? चालेल, अगदी याचसाठी ती आहे.

मालवणला नवीन नोकरी लागली. पहिल्या दिवशी मालक विचारतात, मागची नोकरी सोडून इकडे कसे आलात? नको. कारण खरं असलं तरी नको.

शेजारच्या होमस्टेत पाणी संपलं म्हणून तिथले पाहुणे तुमच्याकडे आले. तुमच्याकडे खोली नाही, फक्त माळ्यावर गाद्या घालता येतील. तुम्ही हसत म्हणता, "ओन्ली द लॉफ्ट इज फ्री, बट एनी पोर्ट इन अ स्टॉर्म!" चालेल. बंदर तुमचंच आहे, त्याला कमी लेखायचा हक्क तुमचा.

वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर मिळेना, शेवटी तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात सोय झाली आणि तिथल्या डॉक्टरांनी सगळी रात्र बसून काढली. नंतर त्यांना इंग्रजीत आभाराचं पत्र लिहायचंय. 'एनी' चुकूनही नको. "युअर क्लिनिक वॉज अ पोर्ट इन अ स्टॉर्म फॉर अवर फॅमिली" असं लिहा.

निघताना पाहुणी तुमच्या आईचा हात धरून म्हणते, "यू वेअर अवर पोर्ट इन द स्टॉर्म." आईला मालवणीत नीट समजावून सांगा, या वेळी काही लपवायचं नाही. आणि पाहुणीला सांगा, हेच वाक्य गुगलच्या रिव्ह्यूमध्ये टाका.